सहा आठवड्यांनंतरचा डोळा

मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले की घरात पहिला प्रश्न निघतो, "टाक्याचं की बिनटाक्याचं?" पाठोपाठ दुसरा येतो, "मशीननं करायचं की साधं?" शेजारच्या काकूंचे 'लेझरने' झालेले असते, चौथ्या दिवशी त्या भाजी निवडायला बसलेल्या असतात आणि मग घरातल्या आजीचेही तसेच व्हावे असे सगळ्यांना वाटते. काकूंच्या डोळ्यात बहुधा लेझर गेलेलाच नसतो. त्यांचे झालेले असते फेको, म्हणजे ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याची शस्त्रक्रिया. आणि घरचे ज्याला 'साधे' म्हणतात तेही आता बहुतेक वेळा बिनटाक्याचेच असते. छोट्या छेदातून भिंगाचा गाभा हाताने बाहेर काढण्याची ही पद्धत. डॉक्टर तिला एसआयसीएस म्हणतात.

या दोहोंत चांगली कोणती, यावर नेत्रवैद्यकात गेली 25 वर्षे संशोधन आणि वाद चालू आहे. या वादाचे एक वैशिष्ट्य आहे. वैद्यकातले बहुतेक मोठे प्रश्न युरोप-अमेरिकेत सोडवले जातात आणि उत्तरे आपल्याकडे येतात. इथे उलटे झाले. श्रीमंत देशांतून हाताची पद्धत जवळजवळ हद्दपार झाली, त्यामुळे दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी ठेवून तोलण्याचे काम पुणे, मदुराई, चेन्नई आणि काठमांडूच्या डॉक्टरांनी केले. त्यातला पुण्याचा वाटा मोठा आहे.

प्रश्न किती मोठा आहे हे एका सर्वेक्षणावरून कळते. 2015 ते 2019 या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या माणसांमधल्या अंधत्वाची कारणे तपासली गेली. त्यांत 66.2 टक्के वाटा मोतीबिंदूचा निघाला. त्याच यादीत थोडे खाली आणखी एक नोंद आहे आणि ती जास्त अस्वस्थ करते. 7.2 टक्के अंधत्व मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतल्या गुंतागुंतीमुळे आलेले होते. म्हणजे ही माणसे दवाखान्यापर्यंत पोचली होती, टेबलावर झोपली होती आणि तरीही त्यांची दृष्टी गेली. पद्धतींचा वाद ऐकताना या माणसांना नजरेआड करता येत नाही.

सुईपासून भिंगापर्यंत

गढूळ झालेले भिंग सुईने डोळ्याच्या आत मागे ढकलून द्यायचे, हा मोतीबिंदूवरचा सर्वांत जुना उपाय. सुश्रुतसंहितेत त्याचे तपशीलवार वर्णन आहे. भिंग आतच राहायचे, फक्त प्रकाशाची वाट मोकळी व्हायची. भिंग डोळ्याबाहेर काढण्याचे श्रेय फ्रान्सच्या झाक दाव्हिएलला दिले जाते, 1747 साली. पुढची दोनशे वर्षे भिंग निघाले तरी त्याची जागा रिकामीच राहायची आणि ती भरून काढायला जाड चष्मा लागायचा.

तो चष्मा साठी-सत्तरीतल्या मराठी वाचकांनी घरात पाहिलेला असेल. सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखी भिंगे, नंबर दहाच्या आसपास. त्यातून वस्तू पाव हिश्श्याहून मोठ्या दिसत, म्हणून जवळही वाटत. तांब्या धरायला हात पुढे करावा तर तो अलीकडेच थांबे. समोरचे स्पष्ट आणि कडेचे गायब, त्यामुळे जिना उतरताना पायरी कुठे संपते ते कळत नसे. चष्मा हरवला किंवा फुटला, आणि नवा करायला तालुक्याला नेणारे कोणी नसले, तर माणूस पुन्हा आंधळा. शस्त्रक्रिया कागदोपत्री यशस्वीच राहायची.

हे चित्र बदलायला डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची कल्पना यावी लागली. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांची छते फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत ॲक्रिलिकच्या कपच्या गेल्या होत्या. डोळ्याने त्या निमूटपणे सहन केल्या, हे लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांच्या लक्षात आले. 1949 च्या नोव्हेंबरात त्यांनी त्याच पदार्थाचे भिंग पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात ठेवले. सहव्यावसायिकांनी त्यांना बरीच वर्षे विरोध केला. 1967 मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांनी फेको आणले. दंतवैद्याकडे दात साफ करणारे ध्वनिलहरींचे उपकरण पाहून त्यांना ते सुचले होते.

भारतात त्या वेळी वेगळीच निकड होती. शाळांमध्ये, धर्मशाळांमध्ये शिबिरे भरत, एकेका दिवसात शेकडो डोळे उघडले जात आणि शेवटी सगळ्यांच्या हाती जाड चष्मा येई. 1976 मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी 11 खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय उघडले. आयात केलेले भिंग शंभर डॉलरच्या घरात पडत असताना अरविंदने 1992 मध्ये स्वतःचा कारखाना, ऑरोलॅब, काढला आणि भिंगाची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली. 1994 ते 2002 या काळात जागतिक बँकेच्या कर्जातून सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प राबवला गेला. महाराष्ट्र त्यातले एक. पुढे जे. जे. रुग्णालयातल्या डॉ. तात्याराव लहाने यांचे नाव घराघरात मोतीबिंदूशी जोडले गेले, त्याची जमीन याच काळात तयार झाली होती.

भिंग बसवावे की नाही, हा या क्षेत्रातला पहिला मोठा प्रश्न होता. मदुराईच्या डॉक्टरांनी 3400 रुग्णांची दोन गटांत चिठ्ठी पद्धतीने विभागणी केली. एका गटाला भिंग पूर्ण काढून जाड चष्मा, दुसऱ्याला डोळ्यातले भिंग. 1998 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि डोळ्यातले भिंग स्पष्टपणे सरस ठरले. या अभ्यासाची आणखी एक मोलाची गोष्ट म्हणजे तक्त्यावरची अक्षरे मोजून संशोधक थांबले नाहीत. रोजची कामे जमतात का, घरात-बाहेर वावरता येते का, असे प्रश्नही त्यांनी रुग्णांना विचारले. पुढच्या अनेक अभ्यासांनी ही सवय उचलली असती तर बरे झाले असते.

साल, गर आणि कोय

पुढचा वाद समजायला डोळ्यातल्या भिंगाची रचना माहीत हवी. आंबा डोळ्यांपुढे आणला तर सोपे जाते. बाहेरची पारदर्शक पातळ पिशवी म्हणजे साल, आतला मऊ थर म्हणजे गर आणि मधला कठीण गाभा म्हणजे कोय. जुन्या पद्धतीत सालीसकट अख्खे फळ बाहेर यायचे. नंतर साल जागेवर ठेवून कोय आणि गर तेवढे काढू लागले, कारण नवे भिंग ठेवायला सालीचाच आधार असतो. पण त्यासाठी 10 ते 12 मिलिमीटरचा छेद घ्यावा लागे आणि तो टाक्यांनी शिवावा लागे. 'टाक्याचे ऑपरेशन' म्हणतात ते हेच.

एसआयसीएसमध्ये छेद 6 ते 7 मिलिमीटरचा असतो, पण तो सरळ आत जात नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागात पाते आडवे सरकवून एक चपटा बोगदा केला जातो. त्याचे आतले तोंड बाहेरच्या तोंडापेक्षा रुंद ठेवतात. डोळ्यातल्या दाबाने बोगद्याची वरची आणि खालची बाजू एकमेकींवर दाबून बसते आणि टाक्याशिवाय वाट बंद होते. शस्त्रक्रियेचा कस या बोगद्यात असतो. पिशवीचे तोंड उघडले की सर्जन गाभा हलकेच फिरवून पुढच्या कप्प्यात आणतो, वर-खाली घट्ट जेल सोडतो म्हणजे बुबुळाच्या काचेला आतून घासायला नको. मग चपट्या वायरची छोटी चमचाकृती खाली सरकवून गाभा बोगद्यातून ओढून घेतो. बाहेर येते ती अख्ख्या मसुराच्या दाण्याहून थोडी मोठी, पिवळट किंवा गडद तपकिरी चकती. सरावलेल्या हाताला हे सगळे दहा मिनिटांच्या आत जमते.

फेकोमध्ये छेद जेमतेम तीन मिलिमीटरचा, बऱ्याचदा त्याहूनही लहान. त्यातून पोकळ सुई आत जाते आणि सेकंदाला चाळीस हजारांच्या आसपास वेळा थरथरते. कोय आतल्या आत फुटते आणि त्याच सुईतून चुरा शोषला जातो. सर्जनचा पाय पेडलवर असतो. पाणी किती सोडायचे, शोषण किती, शक्ती किती, हे तो पायाने ठरवतो. नंतर घडी घातलेले मऊ भिंग त्याच छेदातून आत सोडले की ते पिशवीत अलगद उलगडते. दिसायला फारच देखणी शस्त्रक्रिया आहे ही. पण मशीन लाखो रुपयांचे, नळ्या आणि सुया दर वेळी लागणाऱ्या, वीज अखंड हवी आणि हात बसायला वेळ लागतो.

पुण्याचे आकडे

पुणे अंधजन मंडळाच्या ह. वि. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे, डॉ. मदन देशपांडे आणि सहकाऱ्यांनी या पद्धती एकापाठोपाठ एक तपासल्या. लंडनचे रिचर्ड वर्मल्ड त्यांच्यासोबत होते. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात 741 रुग्णांवर टाक्याची जुनी पद्धत आणि एसआयसीएस यांची तुलना झाली. चष्म्याशिवाय चांगले दिसणाऱ्यांचे प्रमाण एसआयसीएसमध्ये स्पष्ट जास्त निघाले आणि खर्च जवळपास तेवढाच. टाक्याच्या पद्धतीचा निकाल यातून बऱ्यापैकी लागला.

2005 चा अभ्यास खऱ्या वादात शिरला. 400 डोळे, निम्म्यांवर फेको, निम्म्यांवर एसआयसीएस. सहा आठवड्यांनी तपासणी. चष्म्याशिवाय 6/18 किंवा त्याहून चांगली दृष्टी (म्हणजे निरोगी डोळ्याला 18 मीटरवरून वाचता येणारे अक्षर 6 मीटरवरून वाचता येणे) फेकोच्या गटात सुमारे 81 टक्के जणांना मिळाली, एसआयसीएसच्या गटात सुमारे 71 टक्के जणांना. मग योग्य नंबरचा चष्मा लावून पुन्हा पाहिले. दोन्ही गटांत 98.4 टक्के.

या दोन ओळींच्या मधल्या जागेत सगळा वाद मावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या मार्गदर्शक निकषानुसार शस्त्रक्रियेनंतर माणूस ज्या अवस्थेत वावरतो त्या अवस्थेत निदान 80 टक्के डोळ्यांना 6/18 दिसायला हवे. योग्य चष्म्यासह निदान 90 टक्के डोळ्यांना. आणि अगदी कमी दिसणारे 5 टक्क्यांच्या आत असावेत. पहिली ओळ पाहिली तर फेको उत्तीर्ण आणि एसआयसीएस अनुत्तीर्ण. दुसरी पाहिली तर दोन्ही अव्वल. कोणती ओळ खरी मानायची, हे ठरवायला आकडेवारी पुरत नाही. शस्त्रक्रियेनंतर त्या माणसाला चष्मा मिळणार आहे का, मिळाला तर तो वापरणार आहे का, हे माहीत असावे लागते.

दहा टक्क्यांचा हा फरक येतो कुठून? बहुतांशी छेदाच्या रुंदीतून. जखम भरताना बुबुळावरची पारदर्शक काच त्या बाजूला किंचित सपाट होते आणि सिलिंडरचा नंबर येतो. चेन्नईत 2005 मध्ये रॉनी जॉर्ज आणि सहकाऱ्यांनी तिन्ही पद्धतींत हा नंबर मोजला होता. टाक्याच्या पद्धतीत सरासरी 1.77, एसआयसीएसमध्ये 1.17, फेकोत 0.77. काचेच्या आतल्या बाजूच्या पेशी, ज्या एकदा गेल्या की परत येत नाहीत, त्यांच्या नुकसानीत मात्र तिन्ही पद्धतींत लक्षणीय फरक आढळला नाही. त्याच वर्षी निखिल गोखले आणि सौरभ साहनी यांनी एक साधा प्रश्न विचारला: बोगदा वर न करता बाजूला केला तर? छेद डोळ्याच्या वरच्या बाजूला घेतल्यास शस्त्रक्रियेमुळे येणारा नंबर 1.28 होता. कानाच्या बाजूला घेतल्यास 0.37 आणि त्या दोन्हींच्या मधल्या तिरप्या जागी घेतल्यास अवघा 0.20. म्हणजे उणिवेतला मोठा भाग पद्धतीचा नव्हता, जागेच्या निवडीचा होता. इतक्या स्वस्त सुधारणा वैद्यकात क्वचित सापडतात. ती सर्वत्र पोचायला मात्र वेळ लागला, कारण वरून काम करायला शिकलेल्या सर्जनला खुर्ची हलवून बाजूला बसायचे म्हणजे सगळा हात नव्याने बसवावा लागतो.

नेपाळमध्ये 2007 मध्ये झालेला अभ्यास लहान होता, 108 रुग्णांचा, पण त्याची मांडणी विलक्षण होती. फेको केले अमेरिकेच्या डेव्हिड चांग यांनी आणि एसआयसीएस केले काठमांडूच्या सांदुक रुइत यांनी. दोघेही आपापल्या पद्धतीतले उस्ताद. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत चष्म्यासह 98 टक्के जणांना चांगले दिसत होते आणि चष्म्याशिवायही फरक नगण्य होता. वेळेत मात्र होता. एका डोळ्याला रुइत यांना सरासरी 9 मिनिटे लागली, चांग यांना साडेपंधरा. पाँडिचेरीत 2010 मध्ये पूर्ण पांढऱ्या, पिकलेल्या मोतीबिंदूच्या 270 रुग्णांवर असाच अभ्यास झाला. तिथेही अंतिम दृष्टीत मोठा फरक नव्हता, पण दुसऱ्या दिवशी बुबुळाच्या काचेवर सूज येण्याचे प्रमाण फेकोच्या गटात जास्त होते आणि वेळही जास्त लागला.

2013 मध्ये कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने तोपर्यंतचे सगळे चांगले अभ्यास एकत्र केले. आठ अभ्यास, 1708 रुग्ण, भारत, नेपाळ आणि दक्षिण आफ्रिका. निष्कर्ष असा की पहिल्या काही महिन्यांत चष्म्याशिवायची दृष्टी फेकोत थोडी चांगली असू शकते, चष्म्यासह सारखीच, आणि फेकोचा खर्च दुपटीहून अधिक. पुण्याच्याच 2007 च्या हिशेबात रुग्णालयाला एका फेकोला 42.10 डॉलर आणि एका एसआयसीएसला 15.34 डॉलर खर्च आला होता.

दोन बाजू

फेकोच्या बाजूने बोलणाऱ्यांचा पहिला मुद्दा नेमका त्या पहिल्या ओळीचा आहे. खेड्यात चष्मा नियमाने वापरला जात नाही, म्हणून चष्म्याशिवाय जे दिसते तेच खरे दिसणे. दुसरे, जखम लहान असल्याने माणूस लवकर कामाला लागतो. रोजंदारीवरच्या माणसाला आठवडा मोठा असतो. तिसरा मुद्दा फारसा ऐकू येत नाही, पण वजनदार आहे: काचबिंदूची शस्त्रक्रिया पुढे लागण्याची शक्यता असेल तर डोळ्यावरचा वरचा पापुद्रा जपून ठेवावा लागतो, आणि फेकोत त्याला हात लावावा लागत नाही. शिवाय मोतीबिंदू आता पिकायची वाट कोणी पाहत नाही. शहरात पन्नाशीतली माणसे गाडी चालवताना समोरचा उजेड पसरतो म्हणून येतात. त्यांच्या मऊ भिंगासाठी फेको हीच नैसर्गिक निवड आहे, हे एसआयसीएसचे समर्थकही मान्य करतात.

हाताच्या पद्धतीचे समर्थक विचारतात की पैसा आणि वेळ मर्यादित असताना जास्तीत जास्त डोळे कसे उघडायचे. मशीन बंद पडले, वीज गेली, सुट्टे भाग आले नाहीत, तरी एसआयसीएस थांबत नाही. दगडासारख्या तपकिरी गाभ्याला फोडायला ध्वनिलहरींची भरपूर शक्ती लागते आणि तिचा ताप काचेच्या पेशींना होतो. हाताने तो अख्खा बाहेर येतो. वेंगुर्ल्याच्या किंवा गडचिरोलीच्या आजी दोन्ही डोळ्यांनी दिसेनासे झाल्यावरच येणार असतील, तर त्यांच्या डोळ्यात अशीच कोय असणार.

या तर्काला एक नैतिक काटा आहे. बऱ्याच ठिकाणी पैसे भरणाऱ्याला फेको मिळते आणि मोफत येणाऱ्याला एसआयसीएस. दोन माणसे, एकच आजार, एकाच इमारतीत वेगळी शस्त्रक्रिया. काहींच्या मते हा उघड दुजाभाव आहे आणि तो झाकायला 'परिणाम सारखेच' हे संशोधन वापरले जाते. दुसऱ्यांच्या मते परिणाम खरेच सारखे असतील तर दुजाभाव कशात? श्रीमंताला न मिळणारी गोष्ट गरिबाला दिली म्हणून ती कमी दर्जाची होत नाही. या वादात दोन्हींकडची माणसे रुग्णाच्याच बाजूने बोलत असतात, म्हणून तो अवघड आहे. एक गोष्ट मात्र दोघांनाही मान्य व्हावी: रुग्णाला कोणती पद्धत वापरणार हे आधी, त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे.

खरे लेझर या वादात उशिरा आले. छेद आणि पिशवीचे तोंड फेम्टोसेकंद लेझरने उघडून पुढे फेको करायचे, असे हे तंत्र. फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये 2020 मध्ये दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. साध्या फेकोपेक्षा रुग्णाचा काही जास्त फायदा झालेला दिसला नाही आणि खर्च वाढला. जाहिरातीतले 'ब्लेडलेस' आणि संशोधनातले निष्कर्ष यांच्यातले अंतर इथे सर्वांत मोठे आहे.

कोणाचा हात

अरविंदच्या डॉ. अरविंद हरिप्रिया आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये सलग 79,777 शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासल्या. मुरलेल्या सर्जनच्या हाती दोन्ही पद्धतींत गुंतागुंतीचे प्रमाण जवळपास सारखेच होते. शिकाऊ हातांत मात्र फरक ठळक पडला: फेकोत 4.8 टक्के, एसआयसीएसमध्ये 1.46 टक्के. ही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नाही, कारण नमुना प्रचंड आहे. वादातला 'कोणती पद्धत' हा प्रश्न इथे 'कोणत्या हातात, शिकण्याच्या कोणत्या टप्प्यावर' असा होतो.

म्हणून शिक्षण हा या क्षेत्रातला स्वतंत्र संशोधनविषय बनला आहे. केनिया, टांझानिया, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या 50 शिकाऊ डॉक्टरांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अर्ध्यांना आधी कृत्रिम डोळ्यांवर एसआयसीएसचा कसून सराव दिला गेला. त्यांची कौशल्ये लक्षणीय सुधारली आणि पुढच्या वर्षात त्यांनी प्रत्यक्ष शस्त्रक्रियाही जास्त केल्या. पूर्वी पहिला डोळा हा शिकायचा डोळा असे. तो जिवंत माणसाचा नसला तरी चालते, हे आता आकड्यांनी दाखवता येते.

जंतुसंसर्गाच्या प्रश्नात तर पद्धत जवळजवळ गौण ठरते. 2014 मध्ये पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात आणि 2021 मध्ये बिहारात मुझफ्फरपूरला शिबिरांनंतर अनेकांची दृष्टी गेली, मुझफ्फरपूरला कित्येकांचे डोळे काढावे लागले. अशा बातम्या आल्या की 'शिबिर' हा शब्दच बदनाम होतो. वास्तविक एकाच सकाळी अनेक डोळे बिघडतात तेव्हा कारण बहुधा दूषित द्रव, निर्जंतुकीकरणातली चूक किंवा टेबलांची घाई यांत असते. शस्त्रक्रिया तंबूत किंवा शाळेत न करता रुग्णाला पक्क्या शस्त्रक्रियागृहात आणायचे, हे धोरण यातूनच घट्ट झाले.

युरोपीय सर्जनांच्या संघटनेने 2007 मध्ये दाखवले की शस्त्रक्रिया संपताना डोळ्यात प्रतिजैविकाचे थेंबभर इंजेक्शन दिले तर संसर्ग सुमारे पाचपट कमी होतो. अरविंदने मॉक्सिफ्लॉक्सासिन वापरून सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांचा हिशेब 2017 मध्ये मांडला: संसर्गाचे प्रमाण 0.07 टक्क्यांवरून 0.02 टक्क्यांवर. दहा हजारांत सातऐवजी दोन डोळे. इतके कमी प्रमाण अनेक श्रीमंत रुग्णालयांनाही राखता येत नाही, आणि तेही काही साधने निर्जंतुक करून पुन्हा वापरत असताना. त्याच वर्षी कॅसँड्रा थिल यांच्या गटाने दाखवले की अरविंदमधल्या एका फेकोमुळे होणारे कार्बन उत्सर्जन ब्रिटनमधल्या तशाच शस्त्रक्रियेच्या सुमारे 5 टक्के आहे. एकदा वापरून फेकण्याचा नियम सुरक्षेसाठी कितपत लागतो, हा प्रश्न आता पाश्चात्त्य सर्जनही मोकळेपणाने विचारू लागले आहेत.

काय मोजायचे

शिबिरातून आलेला रुग्ण सहा आठवड्यांनी परत येतो का? अनेकदा नाही. पेरणी असते, बस नसते, सोबत यायला कोणी नसते. जो येतो तो बहुधा फार समाधानी तरी असतो किंवा फार त्रस्त. त्यामुळे परत आलेल्यांवरून काढलेले आकडे कितपत विश्वासाचे, ही शंका बरीच वर्षे होती. दहा देशांतल्या 40 रुग्णालयांत झालेल्या एका अभ्यासाने 2013 मध्ये यावर उपयुक्त उत्तर दिले. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या तीन दिवसांतली दृष्टी आणि चाळीस दिवसांनंतरची दृष्टी यांचे नाते इतके जवळचे निघाले की रुग्णालयाच्या कामाची प्रत जोखायला घरी जाण्याआधीची तपासणीही चालू शकते. लहान रुग्णालयांना यातून एक सोपी मोजपट्टी मिळाली.

दरम्यान मोजपट्टीच कडक होत आहे. 2021 मध्ये जागतिक आरोग्य सभेने 'परिणामकारक मोतीबिंदू व्याप्ती' हे लक्ष्य स्वीकारले. किती जणांची शस्त्रक्रिया झाली एवढे पुरेसे नाही, ज्यांना गरज होती त्यांतल्या कितींना शस्त्रक्रियेनंतर चांगले दिसते ते मोजायचे, आणि 2030 पर्यंत हे प्रमाण 30 टक्के बिंदूंनी वाढवायचे. 'चांगले' याची मर्यादाही 6/18 वरून 6/12 वर आली. या नव्या रेषेवर जुने अभ्यास पुन्हा तपासले तर पारडे कोणत्या बाजूला झुकेल, हे अजून उघडे आहे. बाजूला केलेल्या बोगद्याचे एसआयसीएस आणि वर केलेल्या बोगद्याचे एसआयसीएस यांना एकाच नावाखाली मोजणे तर यापुढे निरर्थकच ठरेल.

अनेक वाईट परिणामांचे मूळ शस्त्रक्रियेत नसतेच. डोळ्याची लांबी न मोजता सगळ्यांना एकाच नंबरचे भिंग बसवले गेले, किंवा मागचा पडदा आधीच खराब होता हे पाहिले गेले नाही, तर सर्वोत्तम हातही तिथे काही करू शकत नाही. भिंगाचा नंबर काढणारे मोजमाप आणि ते घेणारा प्रशिक्षित सहायक यांवर फेको-एसआयसीएस वादाच्या तुलनेत फार कमी लिहिले गेले आहे. स्त्रियांबाबतही तसेच. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया स्त्रियांपर्यंत पुरुषांपेक्षा कमी पोचते, हे देशोदेशीच्या सर्वेक्षणांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. आजोबांचा डोळा आधी होतो आणि आजीचा 'बघू पुढच्या वर्षी'. तुलनात्मक अभ्यासांत येणाऱ्या रुग्णांनी हा अडथळा आधीच ओलांडलेला असतो, त्यामुळे तो आकड्यांत दिसत नाही.

आणि मग काळाचा प्रश्न. कॉक्रेनने नोंदवलेली सर्वांत मोठी उणीव हीच होती: बहुतेक अभ्यास सहा आठवडे ते सहा महिन्यांत संपतात. शस्त्रक्रियेत मागे ठेवलेली साल, म्हणजे भिंगाची मागची पिशवी, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुरकट होऊ शकते. लोक त्याला 'मोतीबिंदू परत आला' म्हणतात. त्यावरचा उपाय पाच मिनिटांचा आणि वेदनारहित आहे. याग नावाच्या लेझरने त्या पडद्याला छोटी खिडकी पाडायची. पण ते यंत्र मोठ्या रुग्णालयात असते. धुरकटपणा भिंगाच्या कडेच्या घडणीवर आणि आतला गर किती स्वच्छ निघाला यावर बराच अवलंबून असतो, आणि मोफत शस्त्रक्रियेतले कडक भिंग आणि पैसे भरून घेतलेले मऊ भिंग यांच्या कडा नेहमीच सारख्या नसतात. पन्नाशीत भिंग बसलेली शेतमजूर बाई पुढची वीस-पंचवीस वर्षे त्याच डोळ्याने खुरपणार, तांदूळ निवडणार, नातवाचा काटा काढणार. पाचव्या किंवा दहाव्या वर्षी तिच्या डोळ्यात काय स्थिती आहे, जवळचा चष्मा तिच्याकडे आहे का आणि याग लागले तेव्हा ते तिला किती अंतरावर मिळाले, याची दोन्ही पद्धतींची शेजारी-शेजारी ठेवलेली नोंद अजून पुरेशा मोठ्या नमुन्यावर प्रसिद्ध व्हायची आहे.